घडा कलला होता

इंटरमिजिएटच्या, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेला दहा दिवस राहिले होते. शाळा सुटल्यावर ३२ मुलं चित्रकलेच्या खोलीत अर्धगोल बसली होती. मध्ये टेबलावर मी वस्तुसमूह मांडला होता: राखाडी कापड, दोन वांगी, पितळी तांब्या आणि माझा मातीचा घडा. हा घडा १८ वर्षं माझ्याकडं आहे, कोल्हापुरातल्या गंगावेशीजवळच्या कुंभार गल्लीतनं आणलेला. त्याच्यावर किती मुलांचा हात बसला, मोजदाद नाही.

वस्तुचित्रात समोरचं बघून काढायचं, त्यात काय अवघड, असं लोकांना वाटतं. खरी मारामारी घड्याच्या तोंडापाशी असते. तोंड गोल असतं, दिसतं लंबवर्तुळ. मुलं त्याच्या दोन्ही कडांना माशासारखी टोकं काढतात आणि बूड पट्टीनं आखल्यासारखं सरळ करतात. तोंड डोळ्याच्या पातळीजवळ असतं म्हणून अरुंद दिसतं, बूड खाली असतं म्हणून त्याची कड जास्त वळते, हे गळी उतरवण्यात माझा पाऊसकाळ जातो. मग मध्यअक्ष. उभी रेघ मारायची, डावीकडं जेवढं पोट तेवढंच उजवीकडं. तपासायला मी ट्रेसिंग कागद वापरतो. घडा छापून घ्यायचा, अक्षावर कागद दुमडायचा, दोन्ही बाजू एकमेकींवर बसल्या पाहिजेत. या युक्तीवर माझी मुलं दरवर्षी श्रेणी काढतात आणि मला तिचा अभिमान आहे.

खिडकीकडच्या बाकावर नववीतला एक मुलगा होता. घर कुंभाराचं. गणपतीच्या हंगामात महिनाभर शाळेत धड येत नाही, आला तर नखांत शाडू असतो. वर्गशिक्षकांच्या लेखी तो ‘लक्ष नसलेला’. वर्षभर मूर्तींचे डोळे आखणाऱ्या पोराचं लक्ष नाही असं म्हणायला फार धाडस लागतं, पण आमच्या स्टाफरूममध्ये ते पुष्कळांकडं आहे.

त्याच्या घड्यावर मी कागद दुमडला. डावं पोट चांगलं अर्धा सेंटीमीटर बाहेर. मी खोडरबर घेतला, त्याची रेघ पुसली आणि माझ्या हातानं नीट काढून दिली. “अक्ष बघ. आधी अक्ष, मग घडा.”

तो गप्प बसला. पुढच्या बाकाकडं वळलो तोवर मागनं आवाज आला.

“सर, घडा तसाच हाय.”

“तसाच म्हणजे?”

“कललाय. हितनं दिसतंय.”

मी म्हटलं, दाखव. त्यानं घडा उचलला आणि टेबलावर पालथा घातला. फळ्यावरचा खडूचा तुकडा घेतला, कोपर टेबलावर घट्ट टेकवलं आणि खडूचं टोक घड्याच्या पोटाजवळ, पण न लावता, धरलं. दुसऱ्या हातानं घडा सावकाश फिरवायला लागला. अर्धा फेरा काहीच नाही. मग खर्र आवाज झाला आणि पोटावर वीतभर पांढरी रेघ उमटली. पुन्हा काही नाही. दुसऱ्या फेऱ्याला खडू बरोबर त्याच जागेला लागला.

“वाळताना एकाच अंगानं ऊन लागलं की आसं हुतंय. त्या बाजूची माती आधी आकसते. आज्जा म्हणतो, घडा उन्हाकडं मान टाकतो.”

३२ मुलं बघत होती. १८ वर्षांत मी तो घडा कधी फिरवून बघितला नव्हता. समोर बसणाऱ्यांना कल दिसत नाही. खिडकीकडच्या सात-आठ जणांना दिसायला हवा होता. त्या सगळ्यांनी सरळ घडा काढला होता, कारण मी अक्ष शिकवला होता.

दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना चित्रकार आबालाल रहमान सांगतो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा माणूस कोल्हापुरात परतला आणि कोटितीर्थ तळ्याचं तेच पाणी, तीच झाडं वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. आधी बघा, मग काढा, असं मी म्हणतो. आणि ज्यानं बघितलं त्याची रेघ मी पुसली.

त्या संध्याकाळी दुसऱ्या शाळेतल्या एका कलाशिक्षक मित्राला फोन केला. तो म्हणाला, “तपासणाऱ्यापुढं कागद असतो, घडा नसतो. वाकडा घडा दिसला की तो चूकच धरणार.” त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला दहावीत ७ गुण मिळतात, ब ला ५, क ला ३. बहुतेक पालकांना आमचा विषय या तीन आकड्यांपुरताच माहीत आहे. आठवड्याचे दोन तास, त्यातला एक गणिताचे सर ‘सराव घ्यायचाय’ म्हणून मागून नेतात, आणि मुख्याध्यापक मान हलवतात. पण या मुलाला ते ७ गुण खरोखरच लागणार होते. गणितात तो कसाबसा तरतो.

दुसऱ्या दिवशी तो दोन कागद घेऊन आला. एकावर सरळ घडा, लंबवर्तुळं निर्दोष, छाया जिथल्या तिथं. दुसऱ्यावर कललेला. त्यात त्यानं बुडाखालची सावलीसुद्धा कलाच्या बाजूला जरा जाड धरली होती. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. वजन दिसत होतं त्या घड्याला.

“सर, परीक्षेला ह्यातला कुठला काढू?”

मी सरळ घड्यावर बोट ठेवलं.

“बरं सर,” म्हणाला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. कललेल्या घड्याचा कागद त्यानं माझ्या टेबलावरच ठेवला.

परीक्षा झाली. निकाल यायचाय. सरळ काढला असणार, अ श्रेणी येईलही. मी तेव्हा त्याला एवढं तरी सांगू शकलो असतो की तुझा दुसरा कागद जास्त चांगला आहे. घंटा झाली होती, पुढचा वर्ग दारात उभा होता, आणि मी नाही सांगितलं. नंतर तो व्हरांड्यात दोनदा भेटला. तेव्हाही नाही.

उद्या आठवीपुढं हाच घडा मांडायचाय. खडूची रेघ आज पुसून टाकली, नाहीतर मुलांना आयतंच कळेल. कललेली बाजू खिडकीच्या अंगाला करून ठेवणार आहे. कुणी वाकडा काढलाच तर त्याच्या कागदाशी उभं राहून काय बोलायचं, ते अजून ठरत नाही.