वरातीच्या घोडीला धनुर्वात
आज घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका ओळखीच्या तबेल्यात गेले होते. वरातीची पांढरी घोडी, खुरात खिळा घुसला आणि त्यातून धनुर्वात. मान ताठ, शेपटी उचललेली, जरा खुट्ट झालं की डोळ्यावर तिसरी पापणी झर्रकन येते. आयुष्यभर बँजोसमोर नाचलेली ही, आता बादलीचा आवाजही सोसत नाही!

डॉक्टरांनी जखम उघडून साफ केलीय. पेनिसिलिन, अँटिटॉक्सिन (धनुर्वाताचे जंतू सोडतात त्या विषावरचा उतारा), अंग सैल पडायचं औषध, सगळं सुरू आहे. पण अँटिटॉक्सिन फक्त मोकळ्या फिरणाऱ्या विषावर चालतं. नसांना चिकटलेल्याचा परिणाम ओसरायला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे खरी मदार शुश्रूषेवरच: अंधार, शांतता, कानांत कापसाचे बोळे, दाणापाणी छातीच्या उंचीवर, कारण मान खाली जातच नाही. अजून उभी आहे, हे मोठंच. घोडं एकदा आडवं पडलं की आशा फार कमी उरते.

मालक म्हणाला, "ताई, आज थोडा भिजवलेला कोंडा गिळला."

बरी झाली तरी लस द्यावीच लागेल, कारण धनुर्वात होऊन गेल्याने प्रतिकारशक्ती येत नाही. शेजारच्या घोड्यांना आजच टोचून घेतली. ठाण्यात कुणाकडे घोडे असतील तर सांगा, तुमच्याकडे शेवटची टीटी कधी दिली होती?