बाबांची अक्षरं

सोमवार, रात्री

संध्याकाळी बाबांनी वसरीतून हाक मारली, "बाय, जरा येशील?" गेले तर कॉम्प्युटरसमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. स्क्रीनवर चवथीच्या आरत्यांची पुस्तिका उघडी, आणि शेवटच्या ओळीत कसलीतरी तुटकी चिन्हं. काना आहे पण अक्षर नाही, मधेच एक अर्धा श, मग नुसता रफार.

"क दाबतो तिथे भलतंच येतंय," म्हणाले. "परवापासून. मला वाटलं, माझीच बोटं विसरली."

परवापासून! म्हणजे दोन दिवस कोणाला काही न सांगता ते कळफलकाचा जुना छापील तक्ता काढून, एकेक कळ तपासत बसले होते. तक्ता शेजारीच होता, घडीवर फाटलेला. सासरे एक्याऐंशी वर्षांचे आहेत, जन्मभर मराठी शिकवलं. या वयात माणसाला आपलंच डोकं दगा देतंय असं वाटावं, याहून वाईट काय? मला आधी त्याचंच वाईट वाटलं. मशीनचं नंतर.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. सिक्युरिटी सॉफ्टवेअर उघडलं, क्वारंटाइनची, म्हणजे संशयावरून अडकवून ठेवलेल्या फाइलींची, यादी काढली. एकच ओळ. बाबांच्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमचं नाव, शनिवार दुपारी ३:४२, "धोका: उच्च", "कारवाई: पूर्ण". त्यांचा कीबोर्ड उचलून कोठडीत टाकला होता, विचारलं कोणालाच नव्हतं.

असं का होतं ते मला कळतं, आणि म्हणूनच जास्त राग येतो. आपले जुने मराठी टायपिंगचे प्रोग्रॅम कळ दाबल्याबरोबर ती मधल्यामधे पकडतात आणि तिच्या जागी मराठी अक्षराचा तुकडा ठेवतात. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही कळा तशाच मधल्यामधे पकडतो. त्यातून हा प्रोग्रॅम पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा, त्याच्यावर कंपनीची डिजिटल सही नाही, आणि जगात वापरणारे मूठभर. सॉफ्टवेअर ज्या गोष्टींवर संशय घेतं त्यांत 'ही फाइल फारशी कोणाकडे दिसत नाही' हेही एक कारण असतं. थोडक्यात, कमी लोकांची भाषा, कमी लोकांचा प्रोग्रॅम, म्हणून संशय जास्त.

संशय घेऊ दे. विचारायला काय जात होतं? शनिवारी खाली कोपऱ्यात चार-पाच सेकंदांची एक पट्टी येऊन गेली असणार. बाबा टाइप करताना कळांकडे बघतात, पडद्याकडे नाही. उलट वर्गणी संपत आल्याची खिडकी भर पडद्यात येते, लाल रंगाची, "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे" म्हणत, आणि बंद केल्याशिवाय हलत नाही. महिनाभरात किती वेळा आली असेल. बाबांना मीच सांगितलं होतं, "बाबा, ते लाल आलं की बंद करा, पैशांचं आहे." म्हणजे धोक्याचा शब्द दिसला की मिटवायचा, हे मीच त्यांना शिकवलं. हे मनातून जात नाही.

मंगळवार

वेळ मिळाला नाही. २० तारीख तोंडावर आलीय, दोन दुकानांचं जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायचं होतं.

बुधवार, रात्री

आज जेवणं झाल्यावर बसलो, मी आणि बाबा. नुसतं 'परत आणा' म्हणून बटण दाबायचं नव्हतं मला. सॉफ्टवेअर शंभरदा चुकेल, पण एकशेएकाव्या वेळी बरोबर असेल तर? फाइलला खरंच काही चिकटलं असेल तर ते याच मशीनपुरतं थांबणार नाही. घरात चार मशीनं आहेत, एकमेकांना जोडलेली. यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मशीनला प्रिंटर, माझ्या लॅपटॉपवर लोकांचे हिशेब, लेकीच्या लॅपटॉपवर कॉलेजचं सगळं.

२०१७ च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय मी विसरलेले नाही. कोणी काही उघडायचीही गरज नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भोकातून ते आपणहून एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचं, फाइली कुलूपबंद करायचं आणि पैसे मागायचं. इंग्लंडमध्ये इस्पितळांना पेशंट परत पाठवावे लागले. ते भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, लोकांनी लावली नव्हती. बाबांचं मशीन तर विंडोज १० वर आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि प्रोसेसर जुना म्हणून ११ त्याच्यावर चढत नाही. तेव्हा 'काढूनच टाक ते सॉफ्टवेअर' हे यांचं म्हणणं मला पटत नाही. वैतागले आहे, तरी पटत नाही.

मग आठवलं, २०१६ साली मशीन फॉरमॅट करताना तो पूर्ण फोल्डर यांनी एका सीडीवर उतरवला होता. सीडी पोथ्यांच्या कपाटात सापडली, कागदी पाकिटात, वर बाबांच्या अक्षरात तारीख. एकदा भरून बंद केलेल्या सीडीवर नंतर काही लिहिता येत नाही. म्हणजे गेल्या दहा वर्षांत मशीनला काय लागलं असेल ते असो, सीडीवरची फाइल तेव्हा होती तशीच.

नेटची केबल उपसून ठेवली. फाइल कोठडीतून बाहेर काढली, आणि दोन्हींचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा ना, काढला, एक सीडीवरचीचा, एक मशीनवरचीचा. विंडोजमध्येच सर्टयुटिल नावाची आज्ञा असते, ती फाइल वाचून ६४ अक्षर-आकड्यांची ओळ देते. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी ओळ पार वेगळी येते. सीडीची ओळ मी कागदावर उतरवली, चार-चारचे सोळा गट. बाबा पडद्यावरून मोठ्याने वाचत गेले, मी कागदावर बोट ठेवत गेले. मुलांकडून पाढे म्हणून घेताना वाचत असतील त्याच ठेक्यात. नवव्या गटाला थांबले, चष्मा पुसला, "आठ की बी?" विचारलं. बी होता. पुढे सगळं जुळलं.

तेव्हा सॉफ्टवेअरच्या तपासणीतून सूट दिली. फक्त त्या एका फाइलला. फोल्डरला दिली असती तर उद्या त्यात येऊन पडेल त्यालाही मोकळं रान मिळालं असतं.

बाबांनी क दाबला. क आला. काही बोलले नाहीत, सोमवारची तुटकी ओळ खोडून पुढे टाइप करायला लागले.

गुरुवार

छापायला घेतलं तर प्रिंटरच दिसेना. माझ्या लॅपटॉपवरून नाही, बाबांच्या मशीनवरून नाही, लेकीकडून नाही.

गेल्या आठवड्यात वीज गेली आणि आली ती इतक्या जोरात आली की राउटर जळला. इंटरनेटवाल्याने नवीन आणून लावला, नेट चालू झालं, आम्ही विसरलो. पण जुना राउटर घरातल्या मशीनांना १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते वाटायचा, नवा १९२.१६८.१ ने सुरू होणारे वाटतो. सॉफ्टवेअरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या भागात, 'विश्वासाचं नेटवर्क' म्हणून जुनीच ओळ. नवा राउटर म्हणजे विंडोजलाही ही नवीन जागा, त्यामुळे त्यानेही 'पब्लिक' समजून शेअरिंग बंद केलं. एकाच घरातली चार मशीनं, पणजीच्या बसस्टँडवर असल्यासारखी एकमेकांना अनोळखी.

आपलं घर ओळखायला त्याला वेळ लागला तर लागू दे, संशय घेणं हे त्याचं कामच आहे. पण निदान सांगावं तरी. प्रिंटर नाही, एवढंच दिसतं. तो आम्ही अडवला, या कारणाने अडवला, हे कुठेच नाही. पिंग केलं, म्हणजे माझ्या लॅपटॉपवरून यांच्या मशीनला हाक मारून बघितली, उत्तर नाही. यांच्या मशीनचं फायरवॉल एक मिनिट बंद केलं, लगेच उत्तर आलं. मग कळलं कुठे अडलंय ते. तोपर्यंत दीड तास मी प्रिंटरची केबल आणि ड्रायव्हर करत बसले होते.

आणि एका ठिकाणी दुरुस्त करून भागत नाही. पाच मशीनांचा परवाना एकत्र विकतात, पण नियम प्रत्येकावर वेगळे बसून घालावे लागतात. चारही मशीनांवर नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं, नवे पत्ते विश्वासात घेतले, फाइल आणि प्रिंटर शेअरिंग तेवढ्या पत्त्यांपुरतंच उघडलं. लेक म्हणाली, "आजोचं आधी कर." केलं.

शनिवार

माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगतात त्या चौकटीचं, सामान आणायला हे फोंड्याला बाजारात गेलेत. सुपाऱ्यांचे घोस, कात्रे, कांगलां, काय मिळेल ते. मी घरी, कारण छपाई चालू आहे. चाळीस पानं, वाड्यावरच्या घरांसाठी प्रती. एका आरतीचं एक कडवं फक्त खालच्या घरातली म्हातारी म्हणायची, दुसरीकडे कोणाला येत नव्हतं. बाबांनी ते ती असतानाच उतरवून घेतलं होतं. सोमवारी चिन्हांची ओळ आली होती ती नेमकी त्याच कडव्यात.

वर्गणी मी अजून भरलेली नाही. भरेन, मुदत आहे. बाबांना मात्र आता वेगळं सांगितलंय: लाल असो की हिरवं, काहीही आलं तरी बंद करू नका, मला हाक मारा. यादीचं पान दर रविवारी मी स्वतः उघडणार, चारही मशीनांवर. सीडीच्या पाकिटात त्या ६४ अक्षरांचा कागद घडी करून ठेवलाय.

आत्ता परत हाक आली. "बाय, लाल आलंय. बघशील?"

वाचायला जाते.