रनिंग फक्त २६ हजार

इंजिनमधलं ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, तीन वेळा पुसली, तीन वेळा बुडवून बघितली. ऑइल वरच्या खुणेच्याही चांगलं अर्धा बोट वर. जुन्या गाड्या तपासून द्यायचं काम मी बारा वर्षं करतोय. ऑइल कमी असलेल्या गाड्या रोजच भेटतात, वाढलेलं ऑइल क्वचित. थेंब बोटांत चोळून वास घेतला. डिझेल!

तोवर सगळं छान चाललं होतं. कॉम्पॅक्ट एसयूव्ही, दीड लिटरचं डिझेल इंजिन, वय सहा वर्षं, रनिंग फक्त २६ हजार किलोमीटर. रंगाची जाडी सगळीकडे ११० ते १३० मायक्रॉन, म्हणजे ठोकर लागून कुठे पुटी भरलेली नाही. सीटबेल्ट मुळापर्यंत ओढला, तर चिखलाची रेघ नाही. गाडी पाण्यात बुडालेली नव्हती. टायरांवर २३१९, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मूळचेच टायर, नक्षी भरपूर, पण रबर कडक झालेलं. गाडी घ्यायला आलेल्या ताईंचं मन मात्र सनरूफ आणि चारी बाजूंच्या कॅमेऱ्यांवर केव्हाच बसलं होतं.

"काका, गाडी रोज किती फिरते?" मी गाडी विकणाऱ्या मालकांना विचारलं.

"नातवाला शाळेत सोडतो, आणतो. तीन किलोमीटर. फार जपलीय हो." मग जरा थांबून म्हणाले, "एक आहे. बंद केल्यावरही कधी कधी पंखा पाच-पाच मिनिटं भणभणत राहतो."

तिथेच उलगडा झाला. डिझेलच्या धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या गाळणीत साठते. ती जाळायला गाळणीत साधारण ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. लांबच्या प्रवासात काम सोपं होतं. ते जमलं नाही, तर बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडून गाळणी तापवली जाते. गाळणी तापत असतानाच शाळा येते आणि काका गाडी बंद करतात. पंखा तापलेलं सगळं थंड करत राहतो, आणि न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तो त्याच, डिझेलने पातळ झालेल्या ऑइलच्या थरावर. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, तर गाळणीत काजळी ८४ टक्के आणि रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळून गाळणी साफ होणं, शेवटचं पूर्ण झालेलं १९०० किलोमीटरपूर्वी.

असल्या ऑइलवर गाडी पळवून बघायला माझं मन धजेना. ऑइल आधी बदलू म्हटलं, काका लगेच तयार झाले. इंजिनात ऑइल मावतं ४.८ लिटर, निघालं ते मोजलं, तर जवळजवळ सहा. काका त्या भांड्याकडे बघतच राहिले.

मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने, चौथ्या गिअरमध्ये निघालो. वीस मिनिटांनी पडद्यावरचं मायलेज एकदम घसरलं, एक्झॉस्टचं तापमान चढत गेलं आणि काजळीचा आकडा उतरायला लागला: ७०, ५२, ३१. मला आकड्यांवरून नजर हटवता येईना. परत फाटकाशी आलो तेव्हा तो १४ वर होता. उभ्या गाडीतही इंजिनचे फेरे अजून चढलेले, पंखा जोरात. काकांचा हात सवयीने इंजिन बंद करायच्या बटणाकडे गेला. "काका, आता नाही!" मी जवळजवळ ओरडलोच. आणखी दहा मिनिटं फिरवली, तेव्हा पंखा आपोआप थांबला.

इंजिन मनापासून आवडलं. १८०० आरपीएमपासून भरून ओढत होतं, धूर नाही, क्लच घसरत नाही. तरीही ताईंना मी नको म्हटलं. त्यांचं क्लिनिक घरापासून चार किलोमीटरवर आहे. त्यांच्या हातात गाडीचं पुन्हा हेच झालं असतं, आणि गाळणी कायमची तुंबली तर खर्च मोठा. आदल्या आठवड्यात आम्ही पाहिलेली पेट्रोल गाडी ६८ हजार चाललेली होती, सनरूफ नव्हतं. पण इंजिन साधं, बिनटर्बोचं, आणि ऑइल बदलल्याची प्रत्येक नोंद जागेवर. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण शब्द बदलला नाही. चार दिवसांनी त्यांनी ती पेट्रोल गाडीच घेतली.

काकांनी मग गाडी विकलीच नाही. परवा त्यांचा फोन आला, "आज उगाचच चाळीस किलोमीटर फिरून आलो. पंखा गप्प आहे."