गुश एत्झिऑनचा नाका

जेरुसलेमहून हेब्रॉनकडे जाणारा ६० नंबरचा रस्ता. दोन बोगदे मागे पडले आणि थोड्या वेळात बसने गुश एत्झिऑन नाक्यावर सोडलं. हा वेस्ट बँकचा भाग, इस्रायली लष्कराच्या ताब्यातला; पॅलेस्टिनी गावांच्या मधे ज्यूंच्या वसाहती. २०१८ची गोष्ट. थांब्यावर दोन पोरं लिफ्ट मागत उभी होती. आपल्याकडे त्यासाठी अंगठा दाखवतात (आणि गाडीवाले बहुधा आपल्यालाच अंगठा दाखवतात). इथे तर्जनी, तीही खाली रस्त्याकडे रोखलेली. इस्रायली गाड्यांची नंबरप्लेट पिवळी, पॅलेस्टिनींची पांढरी, हिरव्या आकड्यांची. बोट कोणत्या गाडीपुढे येतं, हे पाच मिनिटांत कळतं.

मला जायचं होतं 'रूट्स'मध्ये, इथले ज्यू आणि पॅलेस्टिनी शेजारी जिथे एकमेकांना भेटतात तिथे. हिब्रूत शोराशिम, अरबीत जुदूर. अर्थ एकच, मुळं. अली अबू अव्वाद यांच्या घरच्या जमिनीवर दोन-चार साध्या खोल्या. अली पहिल्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनींच्या उठावात, तुरुंगात होते, २०००मध्ये त्यांचा भाऊ इस्रायली सैनिकाच्या गोळीने गेला. आज ते अहिंसेची बाजू मांडतात. त्यांच्या जोडीला रब्बी (ज्यू धर्मगुरू) हनान श्लेसिंगर, शेजारच्या अलोन श्वुत वसाहतीतले.

रब्बी त्या दिवशी नव्हते. त्यांची गोष्ट सांगितली एका पॅलेस्टिनी कार्यकर्त्याने, मरमियाचा (सेजच्या पानांचा) चहा ओतता ओतता. रब्बी तीसेक वर्षं या भागात राहिलेले, वाटेत दिसेल त्याला गाडीत घेणारे. एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं, आपण घेतो ते फक्त ज्यूंना. रस्त्याकडेचे पॅलेस्टिनी इतकी वर्षं दिसत होते, पण नजरेत भरलेच नव्हते. २०१४च्या सुरुवातीला ते पहिल्यांदा शेजाऱ्यांना भेटायला आले. त्याच वर्षी जूनमध्ये याच भागातल्या एका लिफ्टच्या थांब्यावरून तीन इस्रायली मुलांना पळवून मारलं गेलं. पाठोपाठ जेरुसलेममध्ये एका पॅलेस्टिनी मुलाला जिवंत जाळलं. तरी भेटी थांबल्या नाहीत.

मला राहवेना. "चहा पिऊन लष्कर उठतं का?"

तो हसला. "माझा चुलत भाऊ हेच म्हणतो. तत्बीअ म्हणतो याला, म्हणजे सगळं सुरळीत असल्याचं सोंग. आणि तो अगदीच चुकीचं बोलत नाही. तुम्ही सकाळी जेरुसलेमहून सहज आलात. मला तिकडे जायला परवाना लागतो."

मग तो स्वतः इथे का येतो? त्याने खांदे उडवले. रब्बी निदान हे कबूल करतात, म्हणाला.

निघताना तो म्हणाला, "चला, नाक्यापर्यंत सोडतो." थांब्यावर आता वेगळी पोरं होती. लांबून गाडी येताना पाहून दोघांनी हात पुढे केले. पांढरी प्लेट दिसली आणि बोटं मिटली.