जानेवारीतला ग्लू

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी आठ-दहा दिवस बडोद्यात जिकडे बघाल तिकडे रस्त्याच्या कडेला मांजा सुतणारे बसलेले असतात, दोन खांबांमध्ये पांढरा दोरा ताणलेला आणि मुठीत ती गुलाबी लुगदी. मी सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभी असते तेव्हा त्यांच्या हातांकडेच बघत राहते. लुगदी जरा पातळ झाली की दोऱ्यावरून ओघळते, जरा घट्ट झाली की गोळे धरते, आणि त्या माणसाला हे चिमटीत कळतं, मग तो थोडं पाणी शिंपडतो, परत मळतो. माझं कामही हेच आहे, फक्त माझ्याकडे दोऱ्याच्या जागी लाकडाचा पापुद्रा आहे. वाघोडियाच्या बाजूला एका प्लायवूडच्या फॅक्टरीत मी लॅब सांभाळते. रेझिन शिजवणं, त्याचा ग्लू मिक्स करणं, तो तपासणं आणि त्यातून निघालेली पाटी उकळून, फोडून बघणं, हे सगळं आमच्याकडे येतं. परवा एका मावशींनी विचारलं की एमएससी करून तू डिंक ढवळतेस का, म्हटलं हो मावशी, तोच ढवळते. त्या जानेवारीतले तीन दिवस तेव्हापासून डोक्यात आहेत म्हणून आज लिहायला बसले.

आधी थोडं कामाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरातल्या कपाटाला जो साधा एमआर ग्रेडचा (थोडी ओल सोसणारा) प्लाय लागतो तो युरिया फॉर्माल्डिहाइड रेझिनने चिकटवतात, आणि पाण्यात टिकणारा बीडब्ल्यूआर किंवा मरीन प्लाय फिनॉल फॉर्माल्डिहाइडने. युरियावालं रेझिन दुधाळ पांढरं, फिनॉलवालं लालसर तपकिरी, काकवीसारखं. युरियावालं आम्ही आमच्याच केटलमध्ये शिजवतो, ३७ टक्क्यांचं फॉर्मलिन आणि टेक्निकल ग्रेडचा युरिया. शेतीचा निमकोटेड युरिया या कामाला वापरायचाच नसतो, तो शेतकऱ्यासाठी आहे, आणि २०१५ पासून देशातल्या सगळ्या खताच्या युरियाला निंबोळी तेल लावणं सक्तीचं झालं तेही तो असा दुसरीकडे वळू नये म्हणून, त्यामुळे कुणी स्वस्तातली पोती आणून देतो म्हणालं तर मी सरळ नाही म्हणते.

शिजवताना एक वेळ अशी येते की घड्याळ बघून उपयोग नसतो. ॲसिड घालून पीएच पाचच्या खाली आणला की रेझिन वाढायला लागतं, तेव्हा काचेच्या ग्लासात गार पाणी घेऊन त्यात थेंब टाकत राहायचं. थेंब विरघळून गेला तर अजून थांबा. थेंबाच्या मागे पांढरं धुकं उठलं, पाण्यात ढग आल्यासारखं, की धावत जाऊन कॉस्टिक सोडा घालून रिॲक्शन थांबवायची. इथे दोन-चार मिनिटं चुकली तरी पूर्ण केटल वाया जाऊ शकते. पहिल्यांदा हे शिकले तेव्हा आईला येऊन सांगितलं तर ती म्हणाली, अगं यात काय नवीन, तिळाच्या वड्यांचा पाक आम्ही असाच बघतो, वाटीतल्या पाण्यात थेंब टाकायचा आणि गोळी झाली की उतरवायचा. तिचं बरोबर होतं, आणि खरं सांगते, तिच्या त्या वाक्यानंतर माझा हात स्थिर झाला.

तर जानेवारी. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाईकाला कमी वासाचा बोर्ड हवा होता, ते लहान मुलांची टेबलं-कपाटं बनवतात. बंद खोलीत नवीन कपाट ठेवलं की डोळे चुरचुरतात ना, ते फॉर्माल्डिहाइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, त्यामुळे ही मागणी मला मनापासून पटलेली होती. शेवटी मीही रोज तेच हुंगते, आमचे कामगार मिक्सरपाशी उभे राहून तेच हुंगतात. वास कमी करायचा तर रेझिनमध्ये युरियाच्या मानाने फॉर्माल्डिहाइड कमी ठेवायचं. आधी आमचं प्रमाण, वजनाच्या नाही तर रेणूंच्या हिशोबाने, एका युरियाला साधारण दीड होतं, ते खाली आणत १.१ वर नेलं. नवीन रेझिनचा घट्टपणा बी-४ कपात (बुडाच्या भोकातून रेझिन किती सेकंदांत गळतं ते बघायचा कप) नीट आला, पीएच नीट, सॉलिड म्हणजे पाणी सोडून उरणारा भाग नीट. मी खूश. तसंच मिक्सरवर पाठवलं.

मिक्सरवर आमचे काका आहेत, बावीस वर्षं तिथेच. त्यांचं माप ठरलेलं, १०० किलो रेझिन, त्यात मैदा, थोडी नारळाच्या करवंटीची पूड, ८०० ग्रॅम अमोनियम क्लोराइड म्हणजे आमचं हार्डनर, आणि थोडं लिक्विड अमोनिया. क्लोराइड ग्लूला पुढे ढकलतं, अमोनिया मागे धरून ठेवतं, दोन्ही मिळून ग्लू स्प्रेडरवर, म्हणजे पापुद्र्याला ग्लू लावणाऱ्या रोलरच्या मशीनवर, तीन तास पातळ राहतो आणि गरम प्रेसमध्ये गेला की मिनिटांत दगड होतो. मैदा काका एकदम कधीच ओतत नाहीत, पिठल्याला डाळीचं पीठ भुरभुरावं तसा एका हाताने सोडत राहतात, गुठळी राहिली तर रोलरवर रेघ पडते आणि त्या रेघेत पाटी कोरडी राहते.

पहिल्या दिवशी सकाळी गारठा होता, ग्लू रोजच्यापेक्षा जड वाटला म्हणून काकांनी तीन लिटर पाणी घातलं. थंडीत रेझिन घट्ट होतंच, ते नेहमी असं करतात. दुपारी प्रेसमधून निघालेल्या पाट्यांपैकी चार-पाचांच्या पोटात फुगे, आतलं पाणी वाफ होऊन कोंडलं आणि प्रेस उघडल्यावर त्याने जागा करून घेतली. सगळे म्हणाले पाणी जास्त झालं, मीही म्हटलं पाणी जास्त झालं. पाणी बंद केलं, ग्लू टाकीला बाहेरून कोमट पाण्याचा पाइप गुंडाळला, फुगे गेले.

दुसऱ्या दिवशी मी न फुगलेल्या चांगल्या पाट्यांचे तुकडे कापून वॉटर बाथमध्ये टाकले. एमआर ग्रेडला ६० डिग्रीच्या पाण्यात ३ तास ठेवायचं असतं, मग ओल्यातच ग्लूच्या थरात सुरी घालून उचकटायचं. दीड तासाने बाथवर बसलेला मुलगा लॅबच्या दारात आला, "बेन, आ तो खूली गयुं." मी जाऊन बघितलं तर तुकडा चक्क दोन पानांसारखा उघडून पाण्यात पसरलेला, सुरी लागलीच नाही.

तो तुकडा मी उन्हात नेऊन बघितला. जोड चांगला असेल तर फोडल्यावर दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू चिकटलेले दिसतात, म्हणजे लाकूड फाटलं पण ग्लूने सोडलं नाही. इथे दोन्हीकडे ग्लूचा पांढरा थर तसाच, त्यावर नख फिरवलं तर साबणासारखा मऊ निघाला. म्हणजे ग्लू होता, भरपूर होता, फक्त पिकला नव्हता. फुग्यांचा दोष पाण्यावर टाकून आम्ही मोकळे झालो होतो, पण कच्चा ग्लूही त्या वाफेला धरून ठेवू शकला नव्हता, दोन्ही गोष्टी एकाच दिवशी आल्या आणि आम्ही एकच बघितली. याचं मला अजून वाईट वाटतं. आदल्या दिवशीच्या जवळपास दोनशे पाट्या गोडाऊनमध्ये होत्या, काही ट्रकवर चढत होत्या. मी स्वतः जाऊन ट्रक थांबवला, ड्रायव्हर चिडला, डिस्पॅचवाले चिडले, मॅनेजर साहेब खाली आले. कोरड्यात तर पाटी मजबूत आहे ना, असं त्यांचं म्हणणं. कोरड्यात होतीच मजबूत. पण पावसाळ्यात कुणाच्या तरी ओल्या भिंतीला टेकलेलं कपाट जूनमध्ये सुटणार, आणि ते लहान मुलाचं कपाट असणार. मी पावतीवर सही केली नाही. साहेब अर्धा मिनिट गप्प राहिले आणि मग उतरवा म्हणाले, याबद्दल मी त्यांना मानते.

मग जेल टाइम. परीक्षानळीत पाच ग्रॅम ग्लू, नळी उकळत्या पाण्यात, काचेच्या कांडीने ढवळत राहायचं आणि एका क्षणी कांडी अडकते, वर ओढली तर रबरासारखी नळीसकट उचलते, तेव्हा स्टॉपवॉच थांबवायचं. जुन्या रेझिनचं ५५ सेकंद यायचं. नव्याचं ९५. मला वाटलं सोपं आहे, हार्डनर वाढवू. ८०० ग्रॅमचं १२०० केलं, ८८ सेकंद. १६०० केलं, ८६. म्हणजे दुप्पट घालून नऊ सेकंद. रात्री घरी जेवताना पण तेच डोक्यात, बाबा म्हणाले पानात लक्ष दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये उलगडलं, आणि उलगडलं ते बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला एमएस युनिव्हर्सिटीत शिकलेल्या एका समीकरणातून. अमोनियम क्लोराइड स्वतःहून ग्लू पिकवत नाही हो. ते रेझिनमधल्या मोकळ्या फॉर्माल्डिहाइडशी जोडलं जातं, त्यातून हेक्झामिन बनतं आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं, आणि ते ॲसिड ग्लू पिकवतं. आपण काय केलं, वास नको म्हणून मोकळं फॉर्माल्डिहाइडच काढून टाकलं. मग क्लोराइड कुणाशी जोडलं जाणार? पोतं ओतलं तरी ॲसिड तेवढंच सुटणार. जो वास आम्हाला नको होता तोच इतकी वर्षं निम्मं काम करत होता आणि आमच्या मापाच्या कागदावर त्याचं नावच नव्हतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत काका आणि मी नुसते छोटे मिक्स करत बसलो, अर्धा-अर्धा किलोचे, स्टीलच्या डब्यांत, डब्यांवर मार्करने नंबर. पातळ फॉर्मिक ॲसिड थेट घालून बघितलं, जेल टाइम ६० वर आलं, मला एकदम हायसं वाटलं, पण काकांनी डबा बाजूला ठेवला आणि चाळीस मिनिटांनी उलटा केला तर थेंब पडेना. स्प्रेडरवर हे झालं असतं तर रोलर खरवडून काढावे लागले असते. अमोनिया कमी करून बघितला, थोडा फरक पडला. शेवटी तीन गोष्टी मिळून जमलं. अमोनिया निम्मा, रेझिन शिजवताना ३ टक्के मेलामाइन, त्याने पाण्यातली ताकद वाढते (आणि ते आपल्या गावच्या जीएसएफसीतच बनतं, लांबून मागवायला नको), आणि प्रेसमध्ये १२ मिलिमीटरच्या पाटीला दहाऐवजी बारा मिनिटं.

त्या दोन मिनिटांवर खरं भांडण झालं. पाटी भरणं-काढणं धरून एका लोडला चौदा मिनिटं लागायची ती सोळा झाली, म्हणजे आठ तासांच्या शिफ्टमध्ये ३४ लोडऐवजी ३०. चार लोड रोजचे जाणार हे कुणालाच आवडण्यासारखं नव्हतं. प्रेसचं तापमान वाढवा असंही कुणी म्हणालं, पण आमचा कोअर, म्हणजे पाटीच्या आतला पापुद्रा, त्या दिवसांत नऊ-दहा टक्के ओलाव्याचा येत होता, तापमान वाढवलं असतं तर परत फुगे. मी साहेबांसमोर दोन तुकडे ठेवले, दहा मिनिटांचा आणि बारा मिनिटांचा, दोन्ही तीन तास पाण्यातून काढलेले, आणि सुरी त्यांच्याच हातात दिली. दहावाला बटरसारखा उघडला. बाराव्यात सुरी अडली, त्यांनी जोर लावला, तर चर्रकन आवाज झाला आणि निलगिरीचे लांब लालसर तंतू दोन्ही बाजूंना उभे राहिले. त्यांनी तो तुकडा खिशात घातला आणि वर गेले. संध्याकाळी प्रेसवाल्याच्या चार्टवर १२ लिहिलेलं होतं.

वासाचं पण सांगते, कारण सुरुवात तिथूनच झाली होती. बंद काचेच्या भांड्यात पाटीचे तुकडे आणि खाली पाण्याची वाटी, असं २४ तास ठेवायचं, सुटलेलं फॉर्माल्डिहाइड पाण्यात उतरतं आणि त्यात ॲसिटिलॲसिटोन घालून गरम केलं की पाणी पिवळं होतं. जुन्या पाटीचं पाणी हळदीच्या दुधासारखं व्हायचं. नव्याचं लिंबाच्या सरबताइतकं फिकं. बाथवरचा मुलगा दोन्ही नळ्या खिडकीत धरून बराच वेळ बघत होता, म्हणाला, बेन, एटले रोज आटलुं आपणा नाकमां जतुं हतुं? (म्हणजे रोज इतकं आपल्या नाकात जात होतं?) मी हो म्हटलं.

आता काकांच्या मिक्सरवर एक वही टांगली आहे. प्रत्येक मिक्सला जेल टाइम, कपातले सेकंद, ग्लूचं तापमान, आणि किती वाजता बनवला. आधी काका म्हणायचे हात सांगतो मला, आणि त्यांचा हात खरंच सांगतो, पण हाताला घट्टपणा कळतो, पिकणं कळत नाही, हे त्यांनीच दुसऱ्या पाळीच्या पोराला समजावताना मी ऐकलं. मार्च संपत आला आहे, बेचाळीस डिग्रीचे दिवस येतील, तेव्हा तीन तास टिकणारा ग्लू दीड तासात जमायला लागेल, अमोनिया परत वाढवावा लागेल आणि १०० किलोऐवजी ५०-५० चे घाणे काढावे लागतील. त्याचे छोटे डबे कालपासून लावलेत, सध्या नंबर सातपर्यंत आलोय.