सासूबाईंचं ‘ऑड’

परवा एका कंपनीचं माहितीपत्रक तपासायला आलं. मूळ इंग्रजीत होतं ‘ट्वेंटी ऑड एम्प्लॉइज’. मराठीत कुणीतरी ठोकून दिलेलं, ‘आमच्याकडे वीस विचित्र कर्मचारी आहेत.’ (असतीलही म्हणा, मी काही त्या ऑफिसात गेलेली नाही.)

आकड्याला चिकटलेला ऑड म्हणजे ‘वीस आणि वर थोडे’. आपलं ‘वीसेक’ जवळचं, पण वीसेक म्हणताना अठरा निघाले तरी चालतात; हा सहसा वीसच्या खाली उतरत नाही. इंग्रजीत मधे छोटी आडवी रेघ देतात ती त्यासाठी. इथे ती कुणीतरी गाळली आणि वीसच्या वीस माणसं विक्षिप्त ठरली.

शब्द नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून आलेला. ‘ओडी’ म्हणजे पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक. टोकावरून त्रिकोण, त्रिकोणाच्या तिसऱ्या कोनावरून विषम संख्या. दोघांचं जुळेना की ज्याच्या मताने निकाल लागायचा, तो तिसराही याच शब्दाने ओळखला जाई. म्हणजे मानाचाच की! विचित्रपणा मागाहून आला. धुण्यातून एकटाच परत आलेला मोजा आजही ऑडच, आणि एरवी न ओढणाऱ्याने कधीमधी ओढलेली सिगरेटही.

आमच्या सासूबाईंचं इंग्रजी बेताचं, पण ऑड त्यांच्या तोंडात पक्कं बसलंय. त्यांच्या ऑडमध्ये विचित्र कमी, ‘बरं दिसत नाही’ जास्त. बारशाला रिकाम्या हाताने जाणं ऑड. हळदीकुंकवाला जीन्स ऑड. ताटात टाकणं मात्र ऑड नाही, तो माज. कुठल्याही शब्दकोशात हा अर्थ सापडायचा नाही, पण डोंबिवलीत सगळ्यांना कळतो.

रविवारी शेजारच्यांच्या मुलीचं लग्न होतं. मी पाकिटात पाचशेची नोट घालून पाकीट चिकटवायला घेतलं. सासूबाई गणपतीपुढे दूर्वा मोजत बसल्या होत्या, एकवीस. मान वर न करता म्हणाल्या, “किती घातलेस?”

“पाचशे.”

“नुसते पाचशे? ऑड दिसतं गं ते. वर रुपया ठेव.”

“अहो आई, पाचशे इव्हन असतात.”

“तेच म्हणतेय मी,” म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून दूर्वा मोजायला लागल्या.