शून्य सावली ॲप: ती चार मिनिटं सापडली!

सापडली एकदाची! शून्य सावली म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली गायब होते ती वेळ, आणि माझं ॲप ती वेळ सांगतं. त्यात चार मिनिटांची चूक येत होती. मागच्या अपडेटमध्ये ज्यावरून रडत होतो तो हा घोळ काल रात्री दीड वाजता सुटला.

आठवत असेल, १३ मेला पुण्यात आमच्या गच्चीवर सावली १२:३१ ला गायब झाली आणि ॲप १२:३५ म्हणत होतं. मी आधी गच्चीलाच दोष दिला, कारण पाणी जायला उतार असतोच, पण पाइपाचा तुकडा पाटावर ठेवून, खाली पुठ्ठे सारून, पाणसळ लावून उभा केला होता की! मग रेखांश तपासला. आपलं भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं, पुणं ७३.८६ वर, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे साधारण ३४.६ मिनिटं उशीर, हिशोब चोख. जावास्क्रिप्ट भारताचा टाइमझोन उणे ३३० मिनिटं असा देतं तेही तीनदा पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

घोळ सूर्याचाच निघाला. पृथ्वीची कक्षा लंबगोल, त्यात अक्ष कललेला, त्यामुळे खरी दुपार घड्याळाच्या मागेपुढे सरकत राहते. मेच्या मध्यावर सूर्य पावणेचार मिनिटं पुढे असतो आणि मी त्याला वर्षभर सरळ शिस्तीत चालवत होतो. कालसमीकरण, म्हणजे हाच मागेपुढे होण्याचा फरक, घातलं तर ॲप म्हणे १२:३८! चिन्ह उलटं. अधिकाचं उणे केलं आणि स्क्रीनवर १२:३१ आलं तेव्हा एकटाच टाळ्या वाजवत बसलो.

बाकी, थ्रीडी लायब्ररीची सावली काढून टाकली. कडा करवतीसारख्या दिसायच्या आणि आईच्या जुन्या फोनवर सगळं अडकायचं. आता पी-फाइव्ह या चित्रं काढायच्या साध्या लायब्ररीत टॅन्जंट काढून साधी रेघ मारतो, मस्त पळतं. फक्त सूर्य अगदी डोक्यावर आला की रेघ टुणकन उत्तरेकडून दक्षिणेकडे उडी मारते, ते बघायचंय.

पुढे शहरांची यादी टाकणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय यादी कशाला, नकाशाच करू. तारखेचा स्लायडर ओढला की शून्य सावलीची रेघ मेच्या सुरुवातीला सावंतवाडीकडून निघून कोल्हापूर, पुणे करत नागपूरला चढेल. दिल्लीवर बोट ठेवलं तर 'इथे कधीच नाही'. मुलांना हेच आवडेल. ठरलं, यादी रद्द.

चिन्ह खरंच बरोबर आहे का याची परीक्षा जुलैअखेर, पुण्यात पुन्हा शून्य सावली होईल तेव्हा आहे. तेव्हा सूर्य सहाएक मिनिटं मागे असतो, ॲप १२:४१ दाखवतंय. पाइप तयार आहे, पण पुण्यात जुलैत ऊन कुठून आणू? ढगांच्या फटीतून कुणाला दोन मिनिटं जरी मिळाली तर वेळ टिपून कळवा.